न दिसणारा चोर : पटावरून पडद्यावर

पोफळी गांव ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें ठाऊक असेलच कीं, आमच्या गांवचें सर्वांत मोठें कार्य डोळ्यांना दिसत नाहीं. सह्याद्रीच्या पलीकडे शिवाजीसागर जलाशयांत सांठलेलें कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें येतें, भूमिगत वीजगृहांतील चक्रें फिरवितें, आणि मग कोळकेवाडीच्या जलाशयांतून पुढें वाशिष्ठी नदीस मिळतें. १९६२ पासून हें चाललें आहे. पाणी कोठें शिरलें तें दिसतें, कोठें निघालें तें दिसतें. मधला प्रवास मात्र तर्कानेंच जाणावा लागतो. आज आम्ही ज्या खेळाविषयीं लिहिणार आहों त्याचा स्वभावहि असाच आहे, म्हणून हा घरचाच दाखला आरंभीं दिला.

चिठ्ठ्यांचा राजा-प्रधान-शिपाई-चोर हा खेळ आपणांपैकीं बहुतेकांनीं पावसाळ्यांत ओटीवर बसून खेळला असेल. त्यांत चोर कोण एवढेंच गुप्त असतें. लपंडावांत लपणाऱ्याची जागा गुप्त असते, पण एकदां लपला कीं तो बहुधा तेथेंच बसून राहतो. येथें ज्या जातीच्या खेळाचा विचार कर्तव्य आहे, त्यांत लपलेला गडी प्रत्येक चालीस जागा बदलतो, आणि शोधणाऱ्यांस त्याच्या जाण्याच्या केवळ खुणा मिळतात. ह्या जातीचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘स्कॉटलंड यार्ड’. जर्मनींतील रावेन्सबुर्गर या प्रकाशनसंस्थेनें तो १९८३ मध्यें काढला, आणि त्याच वर्षीं त्या देशांतील वर्षाचा उत्तम खेळ हा बहुमान त्यास मिळाला. पटावर लंडन शहरांतील १९९ ठिकाणें क्रमांक घालून दाखविलेलीं असतात. एक गडी चोर, बाकीचे शिपाई. शिपायांच्या सोंगट्या सर्वांस दिसतात. चोर मात्र आपल्या जागेचा क्रमांक कागदावर लिहितो, आणि ज्या वाहनानें गेला त्याचें तिकीट त्या क्रमांकावर झांकण म्हणून ठेवतो. म्हणजे तो टॅक्सीनें गेला कीं बसनें हें सर्वांस कळतें. कोठें गेला हें कळत नाहीं. तिसऱ्या, आठव्या, तेराव्या व अठराव्या चालीस त्यास क्षणभर प्रकट व्हावें लागतें. चोवीस चाली निभावल्या तर चोर जिंकला.

आमच्या नववीच्या वर्गांतील चार मित्र गेल्या पावसाळ्यांत हा खेळ रोज खेळत. लंडनच्या पेठांचा त्यांस कंटाळा आला, तेव्हां त्यांनीं जाड पुठ्ठ्यावर आपल्याच मुलुखाचा पट काढला. पोफळी, शिरगांव, अलोरे, कोळकेवाडी, खेर्डी, चिपळूण, परशुराम, लोटे, कामथे, सावर्डे, मार्गताम्हाणे, शृंगारतळी, गुहागर, धोपावे, दाभोळ, दापोली अशीं एकंदर ७२ ठिकाणें त्यावर आहेत. जवळच्या ठिकाणीं रिक्षा जाते, दूरच्या ठिकाणीं एस्. टी., आणि कोंकण रेल्वेच्या स्थानकांमध्यें आगगाडी. लंडनच्या पटावर थेम्स नदींतून नाव जाते व तिला काळें तिकीट लागतें. आमच्या पटावर तिची जागा धोपावे-दाभोळ या फेरीबोटीनें घेतली. हें काळें तिकीट इतर कोणत्याहि वाहनास चालतें, आणि तें टाकलें म्हणजे चोर कशानें गेला हेंहि कळत नाहीं. पट स्वतःचा काढला हें आणखी एका कारणानें बरें झालें. मूळ खेळाचें नांव आणि चित्रें हीं त्याच्या प्रकाशकांच्या मालकीचीं आहेत. तीं उचलून इंटरनेटवर मांडणें उचित झालें नसतें.

खेळाची गोडी कशांत आहे हें एका उदाहरणानें सांगतों. समजा, तिसऱ्या चालीस चोर पोफळीस प्रकट झाला. चौथ्या चालीस त्यानें रिक्षाचें तिकीट टाकलें. आमच्या पटावर पोफळीहून रिक्षा शिरगांवास किंवा कोळकेवाडीस जाते. म्हणजे चोर दोहोंपैकीं एका ठिकाणीं असला पाहिजे. पांचव्या चालीस पुन्हां रिक्षा पडली कीं पांच ठिकाणें संभवतात. परंतु सहाव्या चालीस एस्. टी. चें तिकीट पडलें, आणि त्या पांचांपैकीं दोनच ठिकाणीं एस्. टी. थांबते असें असलें, तर बाकीचीं तीन आपोआप गळतात. शिपायांनीं मनांत अशी यादी वाढवीत व खोडीत जावयाचें असतें. बीजगणितांतील अज्ञात पदाचा शोध ज्यांस रुक्ष वाटतो त्या मुलांस हें काम तासन् तास करतांना आम्हीं पाहिलें आहे.

यंदा एप्रिलमध्यें त्या चौघांपैकीं एकाच्या वडिलांची बदली चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांत झाली. वीजगृहांतील नोकरदारांच्या मुलांस बदली नवी नाहीं. तरी चौघांचे तिघे झाले आणि पट कपाटावर गेला. पट एकाच वेळीं दोन ठिकाणीं मांडतां येत नाहीं. मग खेळच इंटरनेटवर नेऊं असें मुलांनीं ठरविलें, आणि संगणकाच्या तासास शिकविलेलें थोडेंसें जावास्क्रिप्ट एवढ्या भांडवलावर तीं कामास लागलीं. आम्हीं आरंभीं त्यांच्या कामांत लक्ष घातलें नाहीं, ही चूक आमची.

पटावरचा खेळ इंटरनेटवर नेल्याचें एक उदाहरण आपल्या घरोघरीं आहे. नवी मुंबईंतील गेमेशन या कंपनीनें २०१६ मध्यें ‘लुडो किंग’ काढला, आणि २०२० च्या टाळेबंदींत तो आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हातीं पोहोंचला. परंतु लुडोच्या पटावर लपविण्यासारखें कांहींच नसतें. ज्या एका मध्यवर्ती संगणकाशीं सर्व खेळाडूंचे फोन बोलतात त्यास सर्व्हर म्हणतात. लुडोंत त्या सर्व्हरचें काम इतकेंच कीं फांसा खरा पडावा, पाळी चुकूं नये, आणि पटाचें एकच चित्र सर्वांकडे पोहोंचावें. आमच्या मुलांनीं हाच कित्ता गिरविला. प्रत्येक चालीनंतर त्यांचा सर्व्हर संपूर्ण पट, चोराच्या जागेसकट, चारहि फोनांकडे धाडी. आणि शिपायांच्या पडद्यावर चोराची सोंगटी रंगवूं नये एवढीच आज्ञा प्रोग्राममध्यें होती.

दिसावयास सर्व ठीक चाललें. मात्र चंद्रपूरचा मुलगा चोर झाला कीं आठव्या-नवव्या चालीसच सांपडे. एकदां, दोनदां, पांच वेळां असें झालें. सहाव्या डावास तो आलाच नाहीं, आणि फोनहि उचलीना.

कारण थोड्याच दिवसांत कळलें. ब्राउझरमध्यें आलेला मजकूर जसाच्या तसा वाचण्याची एक सोय प्रत्येक संगणकावर असते; शिकणाऱ्यांसाठीं ती फार उपयोगी आहे. तिघांपैकीं एकानें ती उघडून पाहिली होती. तींत ‘चोर : ४१’ असें स्वच्छ लिहिलेलें होतें. मित्र येईनासा झाला तेव्हां त्या मुलानें स्वतः येऊन हें आम्हांस सांगितलें. सांगतांना त्यास रडूं आवरलें नाहीं. (त्याच्या परवानगीनेंच हें येथें लिहीत आहों.) त्यानें केलें तें गैर होतें याविषयीं त्याचें व आमचें एकमत झालें, पण खेळाची रचनाहि गैर होती. पटाच्या खेळांत चोराचा आंकडा तिकिटानें झांकलेला, सर्वांच्या समोरच पडलेला असतो. तें तिकीट उचलून पाहणें अगदीं सोपें आहे; परंतु उचलणारा हात सर्वांस दिसतो. फोनवर तो हात कोणासच दिसत नाहीं. म्हणून पटावर जें झांकण पुरतें तें फोनवर पुरत नाहीं. पडद्यावर एखादी गोष्ट न दाखविणें वेगळें, आणि ती फोनला मुळीं न सांगणें वेगळें.

उपाय तसा जुनाच आहे. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्वित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ मध्यें सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. त्यांत खरी परिस्थिति फक्त पंचास ठाऊक असे, आणि प्रत्येक पक्षास त्याच्या सैन्यास जेवढें दिसूं शकेल तेवढेंच पंच सांगे. पुढें १८९९ मध्यें हेन्री मायकेल टेंपल या इंग्रज गृहस्थानें तीच युक्ति बुद्धिबळास लावली. दोन खेळाडू एकमेकांचा पट न पाहतां खेळतात, प्रत्येकास आपलींच मोहरीं दिसतात, आणि पंच तिसऱ्या पटावर दोन्ही बाजूंचीं मोहरीं मांडून चाल चालते कीं नाहीं तेवढें सांगतो. आमच्या सर्व्हरला असा पंच करावयाचें ठरलें. चार खेळाडूंस एकच पत्र न धाडतां चार निरनिराळीं पत्रें धाडावयाचीं. शिपायाच्या पत्रांत चोराचें तिकीट, चालीचा क्रमांक आणि शिपायांच्या जागा. चोराची जागा त्या पत्रांत नाहींच. जें आलेंच नाहीं तें कितीहि कुशल डोळ्यांस वाचतां येणार नाहीं. उलट दिशेनेंहि तसेंच. ‘मी गुहागरास गेलों’ असें एखादा फोन म्हणाला तर सर्व्हरनें तें निमूटपणें मानूं नये. वाट आहे काय, तिकीट शिल्लक आहे काय, पाळी त्याचीच आहे काय, हें स्वतःच्या वहींत पाहावें.

इतकें झाल्यावर काम संपलें असें आम्हांस वाटलें. पण जुलै महिन्यांत घाटाखालीं फोनची रेंज किती वेळ टिकते हें पोफळीकरांस सांगावयास नको. डाव चालू असतां गडी तुटतो आणि पांच मिनिटांनीं परत येतो; मग तोंवर काय झालें हें त्यास नव्यानें कळवावें लागतें. मुलांनीं दर चालीचें पत्र सुधारलें होतें, परंतु परत आलेल्या गड्यास जाणारें पत्र जुनेंच राहून गेलें होतें! म्हणजे फोन बंद करून पुन्हां लावावा कीं चोर उघडा. हें छिद्र कोणीं शोधलें? ज्यानें पूर्वीं चोरून पाहिलें होतें त्यानेंच; आणि या वेळीं शोधल्याबरोबर त्यानें चौघांस कळविलें.

दुसरें छिद्र याहून गंमतीचें होतें. चोराजवळ जाण्यास एकच वाट उरली असेल तर त्याचा वेळ वांचावा म्हणून प्रोग्राम ती चाल आपोआप करी. सद्हेतूनेंच केलेली ही सोय. पण त्यामुळें एरवीं मिनिटभर विचार करणारा चोर एखादे वेळीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच चालला, कीं शिपाई लगेच ओळखीत : हा एकाच वाटेच्या टोकाच्या गांवीं अडकला आहे. आमच्या पटावर अशीं गांवें चारच. पत्रांत एक अक्षरहि न लिहितां पत्र किती वेळानें आलें एवढ्यावरून गुपित बाहेर पडलें. ती सोय मुलांनीं काढून टाकली, आणि चोराची चाल ठराविक अवकाशानंतरच जाहीर करण्याची व्यवस्था केली.

मग चंद्रपूरच्या मित्रास सर्व हकीकत पत्रानें कळविण्यांत आली. पत्र हातानें लिहिलेलें होतें, आणि तें कोणीं लिहिलें हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. उत्तर फोनवर एका ओळीचें आलें : पंचाची पेटी कोणाच्या घरीं आहे?

प्रश्न वर्मीं लागणारा होता. सर्व्हर तिघांपैकींच एकाच्या घरच्या संगणकावर चालत होता. फोनला सांगितलें नाहीं खरें. पण ज्याच्या घरीं संगणक त्यानें वही उघडून पाहिली तर त्यास कोण अडविणार? तो पाहील असें चंद्रपूरकर म्हणत नव्हता. पाहिलें नाहीं हें त्यास कसें कळावें, एवढेंच तो विचारीत होता.

१९७९ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेंत शमीर, रिव्हेस्ट व एडलमन या तिघांनीं पत्त्यांच्या खेळाविषयीं असाच प्रश्न घेतला होता. पंच नाहीं, हातांत पत्तेहि नाहींत, खेळाडू फोनवरून बोलत आहेत. तरी डाव प्रामाणिकपणें वांटतां येईल काय? त्यांचें गणित आमच्या मुलांस अवघड होतें. पण त्याच कुळींतील एक सोपी युक्ति आमचें काम भागवून गेली. तिला आम्ही मोहोरबंद पाकीट म्हणतों.

‘शा-२५६’ नांवाची गणिताची एक रीत आहे. तींत कोणताहि मजकूर घातला कीं ६४ चिन्हांची एक मोहोर निघते. मजकुरांत एक अक्षर बदललें कीं मोहोर पार बदलते. मोहोरेवरून मजकूर उलट काढण्याची, किंवा तीच मोहोर देणारा दुसरा मजकूर रचण्याची व्यवहार्य रीत आजवर कोणास सांपडलेली नाहीं. म्हणून चोरानें आपली जागा कोणासच, सर्व्हरलाहि, सांगूं नये. तिची मोहोर तेवढी प्रत्येक चालीस सर्वांकडे धाडावी. प्रकट होण्याच्या चालीस त्यानें मूळ मजकूर सांगावा, आणि प्रत्येकाच्या फोननें तो पुन्हां रीतींत घालून तीच मोहोर निघते कीं नाहीं तें ताडून पाहावें. चोरास मागाहून जागा फिरवितां येत नाहीं, आणि शिपायांस ती आधीं कळत नाहीं.

येथें मुलें एकदां फसलीं, आणि तें फसणें शिकण्यासारखें आहे. त्यांनीं नुसत्या जागेच्या क्रमांकाची मोहोर काढली. पण पटावर ठिकाणें ७२ च! शिपायानें १ पासून ७२ पर्यंत सर्व क्रमांकांच्या मोहोरा स्वतः काढून ठेवल्या कीं आलेली मोहोर कोणती हें जुळविण्यास संगणकास निमिषहि लागत नाहीं. कुलूप अभेद्य, पण किल्ल्या बहात्तरच, अशांतली ही गत. म्हणून क्रमांकापुढें सोडतीसारखा काढलेला एक लांबलचक आंकडा जोडावयाचा, आणि दर चालीस तो नवा काढावयाचा. तो आंकडा चोराच्या फोनांतच राहतो, व प्रकट होतांना जागेबरोबर सांगितला जातो. डाव संपल्यावर चोर चोवीसहि पाकिटें फोडतो. मोहोरा जुळतात काय, आणि प्रत्येक चाल पटावरील खऱ्या वाटेनें व टाकलेल्या तिकिटानें झाली काय, हें सर्वांचे फोन तपासतात.

ह्या व्यवस्थेलाहि किंमत पडते हें सांगितलें पाहिजे. जागा सर्व्हरला ठाऊक नाहीं, त्यामुळें शिपाई एखाद्या ठिकाणीं पोहोंचला असतां चोर तेथें होता कीं नव्हता हें चोराच्या फोननेंच सांगावयाचें. तो मध्येंच खोटें बोलला तर तें अखेरीस पाकिटें फुटल्यावर उघड होतें, तोंवर नाहीं. आणि एका डावांत चोराचा फोन पावसांत भिजून बंद पडला, तेव्हां लांबलचक आंकडे त्याबरोबरच गेले आणि तो डाव रद्द धरावा लागला. चारचौघांच्या साध्या खेळासाठीं तटस्थ ठिकाणीं ठेवलेला सर्व्हर-पंच पुरेसा आहे असें आमचें मत आहे. मोहोरांचा खटाटोप मुलांनीं मुद्दाम केला, आणि कां केला हें वर आलेंच आहे.

पालकांनीं एक शंका विचारली होती, तिचें उत्तर देतों. हा खेळ चालू असतां मुलें तासन् तास फोनला चिकटून बसतात काय? प्रथम बसत. मग पूर्वीं पत्रानें बुद्धिबळ खेळत त्या धर्तीवर रोज संध्याकाळीं एकच चाल असा नियम मुलांनींच केला. डावास चोवीस संध्याकाळी लागतात आणि दिवसभर विचार डोक्यांत घोळतो. दुसरा नियम बोलण्याविषयीं. पटाभोंवतीं शिपाई आपसांत मसलत करतात ती चोर कान देऊन ऐकतो, आणि त्यांत निम्मी मौज असते. फोनवर तिघे वेगळे बोलूं लागले तर चोर एकटा पडतो. म्हणून मसलतीची एकच पाटी ठेविली आहे, ती चौघांसहि दिसते, आणि खोटी मसलत लिहिण्यास शिपायांस पूर्ण मोकळीक आहे.

हा मजकूर छापण्यास देतेवेळीं नव्या व्यवस्थेंतील तिसरा डाव चालू आहे. चोर चंद्रपूरचा. तेराव्या चालीस तो कामथे स्थानकावर प्रकट झाला. त्यानंतर त्यानें अनुक्रमें आगगाडीचें, एस्. टी. चें, रिक्षाचें आणि काल रात्रीं काळें अशीं चार तिकिटें टाकलीं आहेत. एक शिपाई गुहागरास उभा आहे, एक दापोलीस, आणि तिसरा चिपळुणांतून हलावें कीं नाहीं ह्या विवंचनेंत आहे. अठरावें पाकीट आज संध्याकाळीं सात वाजतां फुटेल.